हरळी की बांध

नाना,

तुमच्या दशक्रियेला नऊ जण बोलले. मी मागं, बायकांत, घाटाच्या पायरीवर बसले होते. सरपंच बोलले, सोसायटीचे चेअरमन बोलले. एक जण तर तुम्हाला आदर्श शिक्षक म्हणाले, कारण त्यांच्या हातातल्या कागदावर कुणी तरी 'कोच' लिहून दिलं होतं. शेवटी माईकवरून विचारलं, आणखी कुणाला दोन शब्द बोलायचे आहेत का. मी पदर सारखा केला आणि पायरीवरच्या मुंग्या बघत बसले.

मग पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. त्या सकाळी मीना नदीच्या घाटावर ही तिसरी दशक्रिया होती. माझ्या शेजारची वारूळवाडीची म्हातारी म्हणाली, "कावळ्यांची पोटं भरल्यात बाई, त्यात नानांचा काय दोष." पण लोकांना धीर कुठला. तुमचा मुलगा हात जोडून म्हणाला, आईला अंतर देणार नाही. कावळा आला नाही. तुमचे धाकटे भाऊ म्हणाले, घराचं राहिलेलं काम पुरं करीन. तरी नाही. ऊन चढायला लागलं तशी दर्भाचा कावळा करून शिववला आणि माणसं उठली.

मी आमच्या गावी मढला यायच्या गाडीत बसले तेव्हा माझ्या मनात आलं, घरच्यांपाशी नानांचं काही राहिलं नसेल. राहिलं असेल तर ते माझ्यापाशी.

दोन गोष्टी राहिल्या आहेत. एक आपला वाद, हरळी की बांध. दुसरं तुमच्या शेवटच्या शनिवारचं. तुम्ही विचारलंत, "इंदू, ऋतुजाकडं कधी जातीस?" आणि मी उत्तर न देता बादली उचलून चालू लागले. सोमवारी सकाळी तुम्ही उठला नाहीत.

माईकवर मला येत नाही, म्हणून इथं लिहिते. लिहायची सवय नाही. चौथीनंतर मी रेशनच्या अर्जावर सही केली आहे आणि किराण्याच्या याद्या केल्या आहेत. तुम्ही वाचणार नाही, म्हणून भीती वाटत नाही.

तुम्हाला आठवतं का, आपलं बोलणं चुकीतून सुरू झालं? मी मैदानावर कामाला लागले त्याचा दुसरा आठवडा होता. एका शेठनं सात-आठ भातखाचरं घेऊन, बांध सपाट करून ते सहा गलींचं गोल्फचं मैदान केलं होतं आणि ते राखायला तुम्हाला आणलं होतं. तुम्ही 'होल' म्हणायचात, आमच्या गावानं पहिल्या दिवसापासून 'गल' म्हटलं, कारण पोरं गोट्या खेळताना जमिनीत गल करतात तशीच ती. मैदानाला नाव पडलं गोट्यांचं मैदान. "इंदू कुठं गेली?" "गोट्या खेळायला." असं चालायचं.

मला चौथ्या ग्रीनवरचा पाला वेचायला सांगितलं होतं. गलीभोवतीचं ते बारीक कापलेलं गवत बघून मला खळं सारवल्यासारखं वाटलं. खळ्यात चपला घालून कोण जातं? मी चपला कडेला काढल्या आणि वाकले. वाकून बघते तर सगळी हरळी. जी हरळी मी जन्मभर नाचणीतून, भाताच्या बांधावरून मुळासकट उपटली, उन्हात टाकली, तरी दुसऱ्या पावसात परत आली, ती इथं माजून बसलेली. माझा हात आपोआप चालला. सुपाएवढी जागा साफ केली, मुळांची माती झटकून शेजारी ढीग लावला. मनात म्हटलं, साहेब खूश होतील.

सुपरवायझर लांबूनच ओरडत आला. तुम्ही त्याच्या पुढं होतात. त्याला हातानं थांबवलंत, माझ्यासमोर उकिडवे बसलात आणि विचारलंत, "का उपटलीत?"

"हरळी हाय," मी म्हटलं.

"हरळीच आहे. पुण्याहून ट्रकनं आणलीये."

मला वाटलं चेष्टा करताय. हरळी विकत आणतात? पण तुमच्या तोंडावर हसू नव्हतं, तुम्ही ढिगातली एक काडी उचलून तिची मुळं मोजत होता. म्हणालात, "एक मूळ तुटलं नाही. असं सबंध काढतात कसं, मला दाखवा." मग मी दाखवलं. त्या दिवशी मला घरी पाठवतील असं वाटत होतं, आणि एक परका माणूस माझ्याकडून हरळी उपटायला शिकत होता. संध्याकाळी घरी सांगितलं तर आमचे मालक ठसका लागेपर्यंत हसले. "आदी सांगायचं राव, आपल्या वावरातली दिली असती ट्रकभर," म्हणाले.

शाळेत मला 'का' विचारलं ते ओरडण्यासाठीच. का आली नाहीस, का पाठ झालं नाही. तुमच्या 'का'ला उत्तर हवं असायचं. उत्तर येईपर्यंत तुम्ही बसून राहायचात. मला बोलायला वेळ लागतो हे घरातल्यांना माहीत आहे, बाहेरचं कुणी तेवढं थांबत नाही. तुम्ही बिडीही पेटवायचा नाहीत, नुसते थांबायचात.

त्या पावसाळ्यात तुम्ही मला ग्रीनवरून अनवाणी चालायला लावलंत. विचारायचात, "इथं पाणी ओतलं तर कुठं जाईल?" हे मला येत होतं. भाताच्या खाचरात पाणी कुठून येतं, कुठं साठतं, कुठं बांध फोडून पळतं, हे पायाला कळतं, डोळ्याला नंतर दिसतं. मी बोट दाखवायची. तुम्ही बादली ओतायचात. पाणी तिकडं गेलं की तुम्ही कपाळाला हात लावायचात आणि म्हणायचात, पुण्याच्या मैदानावर चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या काठ्यांच्या पिशव्या वाहिल्या, मला हे वाकून, डोळा बारीक करून बघावं लागतं.

एक दिवस तुम्ही छोटी काठी माझ्या हातात दिलीत, जिनं चेंडू नुसता ढकलायचा ती. मी ती केरसुणीसारखी धरली. मला वाटलं आता हात पकडून नीट लावाल. तुम्ही चार पावलं मागं गेलात आणि म्हणालात, "झाडतेस तशीच धर. महिनाभर तशीच." महिन्यानं माझी मूठ आपोआप वर सरकली. तुम्ही सरकवली नाहीत. हे कसं झालं ते मला अजून कळलेलं नाही, आणि तुम्हाला विचारायचं राहून गेलं.

मग तुम्ही मला दुसऱ्यांकडं पाठवायला लागलात. मला फार राग आला होता, तो तेव्हा सांगितला नाही, आता सांगते. मला वाटलं, हिचं पुढं काही होणार नाही असं तुम्हाला दिसलं आणि तुम्ही मला टाळताय. तुम्ही म्हणालात, "पोरगी देताना चार स्थळं बघतात. मास्तर करायचा तर एकाच घरी जाऊन होय म्हणायचं?" मी म्हटलं, मला कुठं मास्तर करायचाय, मला झाडू मारायचाय. तुम्ही म्हणालात, "मग झाडू मारता मारता बघून ये."

पहिले ते शनिवार-रविवारी पुण्याहून येणारे साहेब. त्यांच्याकडं प्रमाणपत्र होतं, टोपी होती आणि तीन पायांवर उभा राहणारा फोन होता. भला माणूस, मला ताई म्हणाला. मी एक चेंडू मारला आणि त्यांनी मला माझंच चित्र हळू चालवून दाखवलं. कोपर कुठं, मान कुठं, रेघा ओढून दाखवल्या. परत आल्यावर तुम्ही काय शिकलीस हे विचारलंच नाही. विचारलंत, "घरी जाताना डोक्यात काय होतं?"

मी खरं सांगितलं. "माझा पदर. मागनं कसा दिसतो ते मी कधी बघितलंच नव्हतं."

तुम्ही इतके हसलात की पंपाजवळची कुत्री उठून गेली. म्हणालात, मग ते साहेब वाईट नाहीत, पण तुझे नाहीत. ज्याला स्वतःला बघून सुधारता येतं त्याचे ते.

दुसरे वारूळवाडीचे. वावरात जाळी लावून तिथं चेंडू मारायला शिकवायचे. तुम्ही तुमच्या गावी निघाला होतात, मला बरोबर एसटीनं नेलंत, बोरीच्या झाडाखाली बसलात आणि मला आत पाठवलंत. ते गृहस्थ दर चेंडूला म्हणायचे, "वा ताई, एक नंबर." चेंडू गेला तरी एक नंबर, काठी नुसती हवेत फिरली तरी एक नंबर. मला सुरुवातीला गोड वाटलं. मग कळेना की ह्यातला चांगला कुठला. त्या रात्री भाकरी करपली तर मी घरी वैतागून म्हटलं, आता तुमीबी म्हणा वा ताई. तेव्हापासून आमच्या घरी काही बिघडलं की मालक तेच म्हणतात. तुम्हाला हे सांगितलं होतं, तुम्हीही मग म्हणायला लागलात.

तिसरी ऋतुजा. अवसरी खुर्दची, माझ्या मुलीपेक्षा लहान, पुण्यात खेळून आलेली. रविवारी मैदानावर चार मुलांना शिकवायला यायची. तिच्या बोलण्यात निम्मे शब्द इंग्रजी, मला वाटलं आपलं काम नाही. पण माझा चेंडू एकदा भलतीकडंच गेला, तेव्हा ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "हे असं का झालं, मला पण कळलं नाही. परत मारता का?" मी परत मारला. परत तसाच गेला. ती गुडघ्यावर बसून चेंडूच्या मागं बघायला लागली, जणू चेंडू तिला सांगणार होता.

घरी जाताना डोक्यात काय होतं, असं तुम्ही विचारलंत तेव्हा मी म्हटलं, "तिला न्हाई कळलं, ते."

तुम्ही हातातली काठी खाली ठेवलीत. मग म्हणालात, "हिच्याकडं जा."

मी म्हटलं, मला तुमच्याकडंच शिकायचंय. तेव्हा तुम्ही मला तुमच्या मास्तराचं सांगितलंत. तुम्ही नऊ-दहा वर्षांचे असताना पिशव्या वाहणाऱ्या एका मोठ्या कॅडीनं तुम्हाला शिकवलं. चेंडू चुकला की तो एक शिवी द्यायचा. तुम्हाला दुसरा मास्तर मिळाला नाही, बघायला कुणी सांगितलंही नाही. "पन्नास वर्षं झाली इंदू. तो माणूस मरूनही वीस झाली. माझा चेंडू चुकला की कानात अजून तोच बोलतो." तुम्ही ती शिवी मला सांगितली नाहीत. "तुझ्या कानात कोण बोलणार ते आधी बघून घे," एवढंच म्हणालात आणि हरळीतला एक खडा वेचून खिशात टाकलात.

मी तेव्हा ऐकलं, पण गेले नाही. का गेले नाही ते सांगते. तुमच्यासमोर माझं तोंड उघडायचं. एवढंच कारण. तिच्यासमोर उघडेल याची खात्री नव्हती, आणि तोंड न उघडता शिकायचं तर शाळा काय वाईट होती?

तुमच्यासमोर तर मी भांडायची. मी उपटलेल्या त्या सुपाएवढ्या जागेत तुम्ही परत हरळी लावली होती. ती जागा हिरवी झाली, कुणाला दाखवूनही दिसली नसती. पण चेंडू सरळ येत येत तिथं आला की वीतभर उजवीकडं कलायचा. दर वेळी. तुम्ही म्हणायचात, "तुझी हरळी. नवी उगवली ती उजवीकडं झुकून उगवली, चेंडूला तसं लोटते." मी म्हणायची, हरळीत एवढी ताकद नाही, खाली बांध आहे. बांधाच्या एका अंगाची माती दरसाल दबते, तिथं किंचित उतार झाला आहे.

मला माहीत होतं कारण तो बांध घालायला मी होते. लग्न होऊन आले त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात तिथं पडकई झाली होती. तुम्हाला पडकई समजावून सांगायला मला दोन दिवस लागले होते. सगळं गाव मिळून एकाच्या उतारावर खाचर पाडतं, दगड लावून बांध घालतं, मग दुसऱ्याच्या. मी नवी नवरी, डोक्यावर दगड वाहिले, कुणाशी एक शब्द बोलले नाही. त्या दगडांतले निम्मे माझ्या डोक्यावरून गेले आहेत. पण जेसीबीनं सगळं सपाट केल्यावर बांध नेमका कुठून गेला होता हे शपथेवर सांगता येत नव्हतं. तुम्ही तेच धरून बसायचात.

"कुठाय बांध? दाखव."

"खाली हाय."

"खाली तर पाताळही आहे."

"पाताळानं चेंडू वळत न्हाई, नाना. बांधानं वळतो."

दोन पावसाळे हे चाललं. गवत कापताना, पाणी देताना, डबा खाताना. मी रात्री भाकऱ्या करताना नवीन मुद्दे शोधून ठेवायची. एकदा म्हटलं, हरळीनं वळतो तर कापल्यावर वळायला नको. तुम्ही दोनदा बारीक कापलंत, तरी वळला. तुम्ही म्हणालात, मुळं झुकलेली आहेत. असलं उत्तर कुणी देतं का? मी इतकी चिडले की पंपाजवळच्या बायका कामं टाकून बघायला लागल्या. इंदूचा आवाज त्यांनी पहिल्यांदा ऐकला होता.

मैदानावरच्या कामगारांचा सामना ठेवला तेव्हा तुम्ही माझं नाव दिलंत आणि मी पंपघरात जाऊन बसले. पुकारलं तरी आले नाही. तुम्ही रागावला नाहीत. दुसऱ्या दिवशी डब्यातलं लोणचं पुढं करत विचारलंत, "पंपघरातून कसा दिसला सामना?" मी म्हटलं, "आवाज आला नुसता." तुम्ही म्हणालात, "चौथ्या ग्रीनवर सगळ्यांचे चेंडू वळले. तुझ्या हरळीनं सगळ्यांना हरवलं." आणि मी परत सुरू झाले, हरळी न्हाई, बांध. आता वाटतं, पंपघराबद्दल मला लाज वाटायला तुम्ही जागाच ठेवली नाहीत.

आता गेल्या बुधवारचं सांगते.

तुमच्यानंतर गल हलवायचं काम सुपरवायझरनं मला दिलं. दर तीन-चार दिवसांनी गल दुसरीकडं पाडायची, नव्या जागचा मातीचा गड्डा काढून जुन्या गलीत बसवायचा. तुमचं ते नळकांड्यासारखं यंत्र, वर दोन मुठी, मुठीला तुम्ही गुंडाळलेली सायकलची ट्यूब. सकाळी दवात चौथ्या ग्रीनवर गेले. गल कडेला पाडायची होती. पण आजूबाजूला कुणी नव्हतं, आणि माझ्या मनात आलं, आता तरी बघावं. तुम्ही त्या जागी गल कधी पाडू दिली नाहीत. उतारावर चेंडू थांबत नाही म्हणायचात. म्हटलं, एकदा पाडते, बघते आणि बुजवते.

यंत्र दाबलं. दगडाला लागेल या हिशोबानं सगळा भार टाकला होता, तर ते लोण्यात गेल्यासारखं गेलं आणि मी तोंडावर पडता पडता राहिले. दगड नाही म्हणजे बांध नाही. म्हणजे तुम्ही बरोबर. दोन पावसाळे मी उगाच भांडले.

मग गड्डा वर काढला. त्याच्या बाजूनं मुळं आरपार गेली होती, पण खालची माती इथली नव्हती. वाळू होती तिच्यात, पहिल्या ग्रीनच्या मातीत असते तशी. मी भोकात हात घातला. उजव्या अंगाला मऊ, काळी, खाचराची माती. डाव्या अंगाला बोटांना दगड लागले, एकावर एक रचलेले. आणि एका ठिकाणी दगडाची खोबण रिकामी. कडेला छिन्नीचे ओरखडे.

मी ओल्या गवतावर बसून ते ओरखडे बोटांनी चाचपले. पंपघराच्या खिडकीत तुमच्या पाळ्यांच्या कागदावर एक दगड असायचा. एका बाजूनं पांढरे ओरखडे. मी एकदा विचारलं होतं कुठला, तर तुम्ही म्हणालात, "असाच सापडला." मी तो घेऊन आले आणि खोबणीत घातला. बसला. हातानं थोडा फिरवावा लागला, मग बसला.

तर तुम्ही आधीच तिथं गल पाडली होती. यंत्र दगडाला लागलं, तुम्ही छिन्नीनं तो काढला, बांध डोळ्यांनी बघितला, दुसऱ्या ग्रीनचा गड्डा आणून वरून असा बसवला की मी रोज त्यावरून चालून मला कळलं नाही. मुळं इतकी गुंतली होती म्हणजे एक अख्खा पावसाळा तरी झालेला. आणि त्यानंतरही, अगदी त्या शेवटच्या शनिवारी मी बादली उचलायच्या आधी, तुम्ही मला म्हणालात, "तुझी हरळी अजून ऐकत नाही बघ."

मला आधी राग आला. एवढ्या दिवसांत एकदा तरी म्हणायचं होतं, इंदू, तू बरोबर. आयुष्यात मला हे कुणी म्हटलेलं नाही. मग वाटलं, हरलो म्हणायला पुरुषाला जड जातं, तसं असेल. पण तुम्ही तसे नव्हता, हरळी उपटायला माझ्याकडून शिकलेले तुम्ही.

तुमच्या घरून काकू तुमची इथली खोली रिकामी करायला शुक्रवारी मढला आल्या होत्या. मी भांडी बांधायला गेले. त्यांना दगडाचं काही सांगितलं नाही. त्याच बोलल्या. स्टोव्ह पुसता पुसता म्हणाल्या, "तू ती बांधवाली ना? घरी आले की पहिलं तुझं. आज इंदू अमकं बोलली, आज तमकं बोलली. एक दिवस तू सुट्टीवर होतीस तर फोनवर म्हणाले, आज कुणी भांडलं न्हाई गं, जेवण जाईना." मग त्यांनी मला विचारलं, "काय निघालं मग? हरळी का बांध?"

मला उत्तर देता आलं असतं. मी म्हटलं, "अजून ठरायचंय."

त्या शुक्रवारी रात्री मी ठरवलं, रविवारी ऋतुजाकडं जायचं.

आज रविवार. दुपार झाली आहे, मालक वावरात गेले आहेत, म्हणून निवांत लिहिते. सकाळी ऋतुजा मुलांना शिकवून मोकळी झाली तेव्हा मी छोटी काठी घेऊन चौथ्या ग्रीनच्या कडेला जाऊन उभी राहिले. चपला काढल्या होत्या. ती लांबून "या ना ताई" म्हणाली. मी नुसता चेंडू ठेवला आणि ढकलला. चेंडू सरळ गेला, त्या जागी आला आणि वीतभर उजवीकडं कलला.

ती म्हणाली, "अरेच्चा."

मी बोलले, नाना. आवाज बारीक आला, पण आला. मी म्हटलं, "हरळीमुळं. तिथं मी एकदा हरळी उपटली व्हती. नवी उगवली ती उजवीकडं झुकून उगवली."

तिनं मान हलवून होय म्हटलं असतं तर मी नमस्कार करून घरी आले असते. वा ताई म्हणाली असती तरी आले असते. ती खाली बसली. गवतावरून तळहात फिरवला, एकदा सुलटा, एकदा उलटा. स्वतः तीन चेंडू ढकलले, तीन ठिकाणांहून. मग बूट काढले, मोजे काढले आणि त्या जागेवर उभी राहिली. तिला सवय नव्हती, दव गार लागलं असणार, तिनं बोटं आखडून घेतली.

"ताई, मला नाही पटत," ती म्हणाली. "हरळीनं एवढा वळणार नाही. खाली काहीतरी आहे."

तुमचा दगड जिथला तिथं आहे, वरून गड्डा मी बुधवारीच बसवला. तुमच्याइतका सफाईनं बसला नाही, पण दवात दिसत नाही.

"काय आसंल खाली?" मी म्हटलं.

"ते माहीत नाही. पण काहीतरी आहे."

"न्हाई वो," मी म्हटलं. "हरळीच हाय."